आधी हात मागे घ्या

कुत्रं केकाटलं की आपला हात आपोआप पुढे जातो. मायेनेच जातो. पण ते कुत्रं आंधळं असेल, तर त्याच्या लेखी हा हात कुठूनही आलेला असतो. म्हणून पहिलं काम एवढंच: हात मागे घ्या. त्याचं नाव एकदा घ्या, रोजच्या आवाजात. मग खाली बसा. बाजेवर नको, जमिनीवर, त्याच्यापासून हातभर लांब.

आता काही करायचं नाही. त्याची छाती बघा. वर जाते, खाली येते, तो एक श्वास. मिनिटभर मोजा. निवांत झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला 30 च्या आत असतात. नुकतंच केकाटलेलं असेल तर जास्त भरतील. थोडं थांबा, पुन्हा मोजा. झोपेतही आकडा उतरत नसेल तर तो लक्षात ठेवा, पुढे डॉक्टरांना लागेल. मोजता मोजता तुमचाही श्वास उतरेल. ते त्याला तुमच्याआधी कळेल.

मनात एक वाक्य आलेलं असेल: काही झालं नाही, उगाच केकाटलं. त्या वाक्याजवळ जरा थांबा. काही झालं नाही, हे कुणाला कळलं? तुम्हाला काही दिसलं नाही, एवढंच खरं. म्हणजे या खोलीत ज्यांना दिसत नाही असे दोघं आहेत.

डोळे मिटा आणि खोली ऐका, आधी माणसांच्या हाका. आदिलाबाद, बेला, जैनथ, तामसी, पैनगंगेच्या या अंगाला घर मराठी, शाळा तेलुगू आणि बाजारात दोन्हींत दखनीची भर. घरचे ‘ये’ म्हणतात, शेजारी ‘रा’ म्हणतात. डोळस कुत्र्याला माणूस दिसतो, मग त्याने कशीही हाक मारली तरी चालते. आंधळ्याला हाकेवरूनच माणूस ओळखायचा, तो किती लांब आहे आणि त्याचा रोख काय, तेही हाकेवरूनच. त्यात कुत्र्याला माणसाच्या दुपटीहून वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. एखादा चार्जर किंवा जुना टीव्ही बारीक किणकिणत असेल, तर तुमच्यासाठी ती शांतताच.

आता खोलीत काय बदललं ते आठवा. लोडशेडिंगमध्ये आपण जसे काडेपेटीपर्यंत बरोबर जातो, तसं आंधळं कुत्रं दिवसभर आठवणीवर चालतं. दिवाळीच्या सुमाराला कापूस घरात येतो. भाव येईपर्यंत खोलीत ढीग पडून राहतो. बाज सरकते, पाण्याचं भांडं दाराआड जातं. हे सगळ्यांच्या लक्षात येतं. लक्षात येत नाही ते असं, की कापूस आवाज गिळतो. ज्या भिंतीवरून त्याच्या नखांची टकटक परत यायची, तिथून आता काहीच येत नाही. त्याच्या लेखी ती भिंतच नाहीशी झाली. आणि अंगणात पऱ्हाटीचा भारा रचलेला असतो, काड्यांची टोकं बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.

आंधळा डोळा म्हणजे मेलेला डोळा, असं आपण धरून चालतो. मोठी चूक होते ती इथेच. दिसण्याची नस वेगळी, दुखण्याच्या नसा वेगळ्या. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात तर त्या दाटीने असतात. काडी लागून त्या पडद्यावर ओरखडा पडला, तर न पाहणारा डोळाही तितकाच ठणकतो. काही कुत्र्यांत आतला पडदा हळूहळू झिजून दृष्टी जाते. ते बहुधा दुखत नाही. काचबिंदूचं तसं नाही. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा इतका असतो. तो वाढत गेला की दृष्टी जाते आणि दुखणं मात्र राहतं. पिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्याला आतून सूज येते, तीही दुखते. अशा कायमच्या ठणकणाऱ्या आंधळ्या डोळ्यासाठी डॉक्टर कधीकधी तो काढायलाच सांगतात. ऐकायला क्रूर वाटतं. पण त्यानंतर कुत्रं पुन्हा खेळायला लागलं, की घरच्यांना उमगतं की ते आळशी झालं नव्हतं, सोसत होतं.

गोचीड आठवा. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड एहर्लिकिया नावाचा जंतू सोडते. गोचीड-ताप म्हणतात तो हा. त्यात डोळ्यांत सूज येते, कधी रक्त उतरतं आणि दृष्टी जाते. त्याच तापात सांधेही दुखतात. म्हणजे ज्याने डोळे नेले तोच आता सांध्यांत बसलेला असू शकतो, आणि आपण दोन दुखणी समजून एकाला म्हातारपण म्हणतो, दुसऱ्याला स्वभाव.

हात न लावता त्याच्या चेहऱ्याकडे बघा. दोन्ही डोळे एकाच आकाराचे आहेत का? एखादा निळसर, धुरकट, लाल? एक अर्धवट मिटलेला? पंजाने तो कुठे घासतो? डोळा लाल होऊन गढुळला असेल तर हे बसणं-बघणं इथेच थांबवा. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही.

डोळे शांत दिसले तर पुढे या. सगळ्यात जास्त चकवतं ते केकाटणं असं असतं: एकदाच, मोठ्याने, आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात शेपूट हलवत जेवायला हजर. हे मानेचं किंवा पाठीचं असू शकतं. मणक्यांमधली चकती सरकून नसेला टेकते, पण एका ठरावीक वळणावरच. ते वळण सरलं की कळ सरते. आंधळी कुत्री पुष्कळदा मान खाली, नाक पुढे करून चालतात. मानेला आधीच ताण. त्यात आदिलाबादची थंडी. मे महिन्यात भाजून काढणारं हे गाव डिसेंबर-जानेवारीत तेलंगणातल्या सगळ्यात गार गावांपैकी एक होतं, पारा एक आकड्यावर येतो. उघड्या छपरीतल्या फरशीवर रात्र काढलेले म्हातारे सांधे पहाटे पहिल्या पावलालाच ओरडतात. जेवणाचं भांडं दोन विटांवर ठेवून बघा. केकाटणं कमी झालं, तर मानेने काहीतरी सांगितलं असं समजा.

कान आणि दात यांवर फार रेंगाळत नाही. डोकं झटकणं, एकाच बाजूने चावणं, घास खाली पडणं, हे बघितलं की पुरे. झोपेत पाय हलवत बारीक क्यांव क्यांव करणं हे बहुतेक वेळा स्वप्न असतं. पण म्हातारं कुत्रं रात्री कोपऱ्यात तोंड करून उभं राहत असेल, दिवसा झोपून रात्री विव्हळत असेल, तर तो मेंदूच्या म्हातारपणाचा गोंधळ असू शकतो. दुखणं नसेल तरीही तो त्रासच.

इथे मला सरमा आठवते. महाभारताच्या आदिपर्वात, अगदी सुरुवातीला, जनमेजय राजाच्या यज्ञाजवळ एक कुत्रं येतं. राजाचे तिघे भाऊ त्याला मारतात आणि ते रडत आईकडे जातं. आई, देवांची कुत्री सरमा, विचारते: का रडतोस, कुणी मारलं? तुझं काही चुकलं का? तो म्हणतो, मी यज्ञातल्या हविष्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. ती त्याचं खरं धरते, यज्ञात जाऊन जाब विचारते. कुणी काही बोलत नाही. मग ती शाप देते: न दिसणारं भय तुमच्यावर येईल. कवी नन्नयाने 11 व्या शतकात हीच गोष्ट तेलुगूत नेली. तिथे सरमा कारणाशिवाय येणाऱ्या भीतीची गोष्ट करते. महाभारतासारखा ग्रंथ कुत्र्याच्या केकाटण्यापाशी आपली कथा सुरू करतो, हे मला फार मोठं वाटतं. आणि मार देणाऱ्यांना मिळालेली शिक्षा तर बघा. आंधळं कुत्रं रोज जे जगतं, तेच त्यांच्या वाट्याला आलं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपणात म्हटलं आहे की बोलून सांगता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे, माणसात नाही आणि इतर प्राण्यांतही नाही. सरमेला हे संघटनेशिवाय कळलं होतं, ते असो. ग्लासगोत तयार झालेली कुत्र्यांच्या ताज्या दुखण्याची एक मोजपट्टी आहे. तिच्यात सहा गोष्टी पाहतात, एकूण गुण 24, आणि 6 किंवा त्याहून जास्त गुण भरले की वेदनाशामकाचा विचार करतात. त्या सहांत आवाज ही फक्त एक. बाकी चालणं, बसण्याची ढब, मन:स्थिती, दुखऱ्या जागेकडे लक्ष, आणि स्पर्शाला दिलेला प्रतिसाद.

स्पर्शाचंच आता करू. आधी बोला. मग हाताची पाठ त्याच्या नाकासमोर धरा, हुंगू द्या. खांद्यावर हात टेकवा आणि न उचलता पाठीवरून मागे सरकवत न्या. दाबायचं नाही. दुखतं का हे दुखवून बघायचं नसतं. हाताखाली श्वास कुठे थांबतो, स्नायू कुठे ताठ होतो, जीभ ओठांवरून कुठे फिरते, तिकडे लक्ष असू द्या. तोंड हाताकडे वळलं की थांबा. दुखणारं कुत्रं घरच्यांनाही चावतं, म्हणून मुलांना या वेळी लांबच ठेवा. एकदा कळ आली की पुढच्या वेळी कळीच्या आधीच भीती येते, आणि ज्याला येणारा हात दिसत नाही त्याची भीती प्रत्येक हाताला चिकटते. नुसती झुळूक लागली तरी केकाटणारं कुत्रं नाटकी नसतं. त्या केकाटण्यात दुखणं किती आणि धास्ती किती, हे लगेच वेगळं काढायची घाई करू नका.

आणि घरातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत, पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताला. याच डायक्लोफेनॅकने, गुरांना दिलेल्या औषधातून, देशभरची गिधाडं संपत आणली. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. 

केकाटण्याच्या आधीचा क्षण लिहून ठेवा. वेळ, जागा, तो उठत होता की वळत होता की कुणी हात लावला, आवाज एक होता की लांबलेला, नंतर किती वेळाने सावरला. मला प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढणं आवडत नाही, पण इथे काढाच. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेलं कुत्रं बहुतेक वेळा गप्प बसतं.

गावातल्या गुरांच्या दवाखान्यात दिवस बैल-शेळ्यांत जातो, डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र तिथे बहुधा नसतं. तरी आधी तिथेच जा. गोचिडीसाठी रक्त तपासून घ्या, मान-पाठ दाखवा. डोळ्याचा संशय राहिला तर राष्ट्रीय महामार्ग 44 वरून नागपूर साधारण 200 किलोमीटर आहे, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. हैदराबाद 300 च्या आसपास. तपासणीत काही सापडलं नाही, तर पुन्हा कधी दाखवायचं ते विचारूनच निघा, आणि वही बंद करू नका.

गाडीत तो कुठल्या धक्क्याला ओरडतो ते ऐका, तेही डॉक्टरांना सांगा. त्याच्या अंगाखालचं रोजचं पोतं सोबत घ्या. धुऊ नका.