हौसेचे लेखन आणि नावाचा मोह

पोटासाठी लिहिणाऱ्याचा हिशोब सोपा असतो. लिहिले, दिले, मोबदला घेतला; गोष्ट संपली. परंतु दिवसभर शेत, शाळा किंवा दुकान सांभाळून रात्री घरची माणसे निजल्यावर जो वही उघडतो, वर्षानुवर्षे लिहीत राहतो आणि शेवटी पदरचे पैसे घालून आपले पुस्तक आपणच छापतो, त्याचा हिशोब कोणत्या वहीत मांडावा? ह्याला सेवा म्हणावे की नावाचा मोह म्हणावे? मान हा परमार्थाच्या वाटेतला मोठा धोंडा आहे, असे आपण कीर्तनात नित्य ऐकतो. मग मुखपृष्ठावर आपले नाव ठळक अक्षरांत पाहण्याची इच्छा माळकऱ्याने धरावी की धरू नये?

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांकडेच पाहा. १९८२ पर्यंत हा सारा एकच जिल्हा होता. भंडारा-गोंदियासह ह्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. रानाचा आणि धानाचा हा मुलूख. मोठ्या प्रकाशकांची घरे पुण्या-मुंबईला, येथून शेकडो कोसांवर. तरी येथे लिहिणारे थोडके नाहीत. शाळेतले गुरुजी लिहितात, धान पिकवणारा शेतकरी लिहितो, भजनी मंडळातला पेटीवाला चार अभंग रचतो. १९७९ साली आणि पुन्हा २०१२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरास भरले. पण मंडप उतरला की हौशी लेखक पुन्हा आपल्या वहीशी एकटाच उरतो. प्रकाशकाला पाठवलेल्या वहीचे पुष्कळदा उत्तर येत नाही. मग तो मनाशी म्हणतो, "आपणच छापू या."

ह्या मुलखात आपणच छापण्याला आणखी एक कारण आहे. येथली बोली निराळी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी ह्या झाडीबोलीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश केला, आणि झाडीबोली साहित्य मंडळाच्या द्वारे तिची संमेलने भरवण्याचा पायंडा पाडला. ह्या बोलीत ण नाही, ळ नाही. आपले पाणी तेथे पानी होते, आपले जवळ तेथे जवर होते. आता अशा बोलीतले लेखन दूरच्या छापखान्यात गेले, तर मुद्रिते तपासणारा शहाणा मनुष्य पानी खोडून पाणी करणारच. त्याच्या मते ती चूक. पण लिहिणाऱ्याची आई जन्मभर पानीच म्हणाली, त्याची वाट काय? आईची जीभ कागदावर जशीच्या तशी उतरावी म्हणून जो पदरचे चार पैसे घालतो, त्याला केवळ नावाचा भुकेला म्हणणे अन्यायाचे होईल.

येथे कोणी भाविक आक्षेप घेईल. तो म्हणेल, "महाराज, संतांनी कोठे पुस्तके छापली? तुकोबारायांच्या वह्या तर इंद्रायणीच्या डोहात गेल्या. त्यांना नावाची चाड नव्हती, आपण ती का धरावी?" आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण थोडा विचार करावा. वह्या डोहात गेल्यावर तुकोबा उठून घरी गेले नाहीत. तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी धरणे धरून बसले, असे परंपरा सांगते. लिहिलेल्या शब्दाची किंमतच नसती, तर हे धरणे कशासाठी? ज्ञानोबामाउलींच्या ओव्या सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतल्या. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले. जनाबाईंसाठी तर प्रत्यक्ष पांडुरंगाने लेखणी धरली, अशी आपली श्रद्धा आहे. ज्या संप्रदायात देव लेखक होतो, त्या संप्रदायात लिहिणे हलके कसे मानावे?

आणि नावाचे म्हणाल, तर आमच्या अभंगाच्या शेवटी नाव असतेच. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. ही नाममुद्रा अहंकाराची म्हणावी काय? मुळीच नाही. गावात कर्जरोख्यावर मनुष्य सही करतो, ती मिरवण्यासाठी नव्हे. "हे देणे माझे, विचारायचे तर मला विचारा," एवढा तिचा अर्थ. अभंगातले नावही तसेच आहे. हे मी बोललो, ह्याची जबाबदारी मजवर, असे संत त्या नावाने सांगतात. आमच्या मते सारा निवाडा येथे आहे. नाव मिरवण्यासाठी छापले तर तो मोह. नाव जबाबदारीसाठी छापले तर ती सेवा. कागद तोच, शाई तीच, पैसेही तेवढेच. फरक छापणाऱ्याच्या मनात असतो.

मनातले कोणाला दिसत नाही, हे खरे. पण खुणा दिसतात.

पहिली खूण ही की लिहिणारा आपले लेखन छापण्याआधी कोणास ऐकवतो की नाही. ह्याबाबतीत झाडीपट्टीतली नाटके मोठी गुरू आहेत. धान घरी आले, दिवाळी झाली, गावोगाव मंडई भरू लागली, की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे ठाणे. ह्याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही नाटके रात्रभर चालतात आणि हजारो माणसे बसून पाहतात. त्यांतली पुष्कळशी लिहिणारी माणसे ह्याच मुलखातली. पुस्तकाच्या दुकानात त्यांची नाटके शोधू जाल तर फार थोडी सापडतील. परंतु त्यांचा शब्द रोज पारखला जातो. प्रवेश रटाळ झाला की लोक चहाला उठतात, पोरे पेंगतात, आणि लिहिणाऱ्याला काय समजायचे ते समजते. पुढच्या प्रयोगाआधी तो ओळी बदलतो. छापील पुस्तकाला ही परीक्षा नाही. ते कपाटात उभे राहते आणि कोणी उठून गेले तरी त्याला कळत नाही. म्हणून छापणाऱ्याने आधी चार माणसे बसवून वाचावे. संमेलनाच्या कोपऱ्यात, भजनाआधी देवळाच्या ओसरीत, "मी सध्या हे लिहीत आहे, जरा ऐका," असे म्हणण्यात लाज कसली? आणि दुसऱ्याने म्हटले तर आपणही तितक्याच निवांतपणे ऐकावे. स्वतःचे वाचून झाल्याबरोबर जो पिशवी उचलून निघतो, त्याचे पुस्तक कसे असेल हे सांगायला ज्योतिषी नको. अहो, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलणाऱ्यांचे दोष शिरले, म्हणून नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध करून दिली. माउलींच्या ग्रंथालाही दुसऱ्याची तपासणारी नजर लागली. मग आपल्या शंभर पानांना ती नको, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरी खूण पैशाची. पुस्तकाच्या पाचशे प्रती छापाव्यात, पन्नास वाटाव्यात, आणि बाकीचे गठ्ठे माळ्यावर वाळवीला द्यावेत, ही गोष्ट पुष्कळ घरांत घडते. ते पैसे बियाण्याचे होते की मुलीच्या फीचे, हे घरधनिणीला ठाऊक असते; ती बोलत नाही इतकेच. ज्या ग्रंथासाठी घरातले माणूस न विचारता उपाशी ठेवले, त्या ग्रंथात दयेवर कितीही लिहा, ते पोकळच. तेव्हा कर्ज काढून छापू नये. घरच्यांना विचारल्यावाचून छापू नये. आता शंभर, अगदी पन्नास प्रतीही छापून मिळतात. तेवढ्या आधी खपू द्याव्यात. पुस्तकावरचा आय.एस.बी.एन. क्रमांक आपल्या देशात सरकारकडून विनामूल्य मिळतो, हे ठाऊक असावे. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, तिची चौकशी करावी. लेखनाचा हक्क १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिल्याबरोबरच लेखकाचा होतो. तो कोणाच्या कागदावर न वाचता सही करून देऊ नये. आणि पैसे भरले की सन्मानपत्र आणि शाल मिळते, असे सोहळे जेथे असतील तेथून दोन हात दूर राहावे. विकत घेतलेली शाल थंडीतही ऊब देत नाही.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. शब्द कोणाचा आणि नाव कोणाचे? रानाच्या ह्या मुलखात गोंडी, माडिया गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, दंडारीतली गीते आहेत. कोणी हौशी संग्राहक म्हाताऱ्या आजीजवळ बसतो, ती गाते, तो उतरून घेतो. काम पुण्याचे आहे. परंतु पुस्तक निघते तेव्हा मुखपृष्ठावर केवळ संग्राहकाचे नाव, आणि आजीचा आत कोठे उल्लेखही नाही, असे झाले तर त्याला काय म्हणावे? शेजारच्या धान्याने आपली कणगी भरणे ह्याला आपल्याकडे एकच शब्द आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी ह्यांना अक्षरओळख नव्हती. त्या बोलल्या, त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि इतर नातलगांनी उतरून घेतले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. सोपानदेव स्वतः कवी होते. तरी पुस्तक आईच्या नावाने निघाले आणि आज महाराष्ट्र आईचेच नाव घेतो. नाव देण्यातही सेवा असते, ती अशी. ज्याचे देणे त्याच्या खात्यावर मांडणे, एवढाच तिचा अर्थ.

राहता राहिला शेवटचा प्रश्न. समजा, सारे नीट केले. चार माणसांना ऐकवले, घरच्यांना दुखावले नाही, कोणाचे घेतले नाही. तरी पुस्तक कोणी वाचले नाही, तर ते व्यर्थ गेले काय? येथे आम्ही खोटा दिलासा देणार नाही. बहुतेक पुस्तके विसरली जातात, तशी हीही विसरली जातील. परंतु शब्दाचा काळ आपल्या हाती नसतो. तुकोबांची गाथा सरकारी मदतीने इंदुप्रकाश छापखान्यात छापली गेली ती १८६९ पासून पुढे, त्यांच्या वैकुंठगमनाला दोनशे वर्षे उलटून गेल्यावर. तोवर ती वह्यांत आणि वारकऱ्यांच्या गळ्यात राहिली. नकलून घेणाऱ्या त्या शेकडो हातांची नावे आज कोणास ठाऊक आहेत? तरी त्यांच्यावाचून गाथा आपल्यापर्यंत आली नसती. आपले काम जपून ठेवण्याचे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावयाची असते. जो आपले पुस्तक आपणच छापतो, तोच त्याचा प्रकाशक; तेव्हा हे कर्तव्यही त्याचेच. तेवढे करावे, एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक शाळेत ठेवावी, आणि स्वस्थ राहावे. उद्या एखाद्या नातवाला पानी हा शब्द कसा लिहीत हे पाहायचे झाले, तर तो कोठेतरी सापडला पाहिजे.

आणि वाचकहो, ह्यात आपलाही वाटा आहे. पुस्तक भेट मिळाले तर ते उशाशी ठेवून विसरू नये. चार पाने वाचावीत, आवडले तर तसे सांगावे, न आवडले तर तेही गोडीने सांगावे, आणि ऐपत असेल तर फुकट न घेता किंमत द्यावी. लिहिणाऱ्याचा अहंकार वाढतो तो बहुधा खोट्या स्तुतीने आणि न ऐकल्या गेलेल्या मनाने. त्याचे कोणी नीट ऐकून घेतले, की नावाची भूक आपोआप निम्मी होते. वारीत एक पुढे म्हणतो, बाकीचे मागे म्हणतात. आणि थोड्या वेळाने पुढचा मागे येतो. लिहिणे-वाचणे ह्याच रीतीने चालावे, एवढीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.