परनगरांतील रहिवासी

आपलें गांव सोडून दुसऱ्याच्या गांवीं जाऊन राहणें ही गोष्ट मनुष्यजातीस नवी नाहीं. परंतु तीविषयीं नीतीचा विचार बहुधा दोन टोकांनाच झालेला दिसतो. एका टोकास अतिथि आणि दुसऱ्या टोकास नागरिक. अतिथीचा सत्कार कसा करावा हें आमच्या धर्मशास्त्रानें बारकाईनें सांगितलें आहे, आणि नागरिकाचे हक्क कोणते हें पश्चिमेकडील राज्यशास्त्रानें तितक्याच बारकाईनें ठरविलें आहे. परंतु अतिथि या शब्दाचा अर्थ मनुस्मृतींत दिला आहे तो असा कीं, ज्याची स्थिति नित्य नाहीं, जो एकच रात्र राहतो, तो अतिथि. मग दुसऱ्या दिवशीं सकाळीं जो उठून जात नाहीं, जो बिऱ्हाड करतो, मुलांस शाळेंत घालतो आणि दहा वर्षें राहतो, त्यास काय म्हणावें? तो अतिथि नव्हे, नागरिकही नव्हे. त्यानें त्या नगराशीं कसें वागावें, आणि नगरानें त्याच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न आज घरोघरचा झाला आहे. ज्या कुटुंबांतील एखादा मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतणी परदेशीं नाहीं, असें सुशिक्षित कुटुंब आमच्या शहरांतून आतां विरळा.

असले प्रश्न हवेंत सोडविण्यापेक्षां एखादें गांव डोळ्यांपुढें ठेवून सोडविणें बरें. आम्ही जर्मनीतील श्टुटगार्ट हें नगर घेतों. तत्त्वज्ञ हेगेल याचा जन्म १७७० सालीं याच नगरांत झाला. मोटारींच्या धंद्याचें हें मोठें ठाणें. आणि १९६८ पासून मुंबईशीं याचा भगिनीनगर म्हणून संबंध जोडलेला आहे. आमच्याकडील तरुण अभियंते तेथें पुष्कळ जातात, व त्यांतले कित्येक तेथेंच राहतात.

नव्या मनुष्याची पहिली अवस्था सोयीची. घर मिळालें कीं दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. त्या नोंदीवांचून पुढचें पुष्कळसें काम अडून राहतें. रविवारीं दुकानें बंद असतात, म्हणून शनिवारींच दूध-भाजी भरून ठेवावी लागते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते, ती रिकामी बाटली परत दिली म्हणजे मिळते. कचरा कागदाचा वेगळा, कांचेचा वेगळा, ओला वेगळा. हें सारें दोन-तीन महिन्यांत अंगवळणीं पडतें, आणि मनुष्य घरीं कळवितो कीं, "आतां मी येथें रुळलों." आमच्या मतें तो रुळलेला नसतो. त्यास नगराचा उपयोग करतां येऊं लागलेला असतो, एवढेंच. उत्तम धर्मशाळेंतही मनुष्याची सोय होते; म्हणून ती कांहीं त्याचें घर होत नाहीं.

दुसरी अवस्था सवयीची, आणि ती पहिलीपेक्षां खोल जाते. तिचें द्वार भाषा. मराठी मनुष्यास जर्मन भाषेची एक गोष्ट तरी सहज समजावी. आम्ही जसा 'तूं' आणि 'आपण' असा भेद करतों, तसा तेथें 'दू' आणि 'झी' असा भेद आहे. शेजारचे आजोबा वर्षानुवर्षें 'झी' म्हणतात, म्हणून त्यांचें मन कोरडें आहे असें इंग्रजीच्या सवयीनें वाटतें. मराठीच्या सवयीनें पाहिल्यास तो आदर आहे हें ध्यानांत येतें. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत शांतता राखावी, रविवारीं भिंतींत खिळे ठोकूं नयेत, या नियमांची गोष्टही तशीच. प्रथम तो जाच वाटतो. मग दुसऱ्याच्या झोपेचा तो मान आहे असें वाटूं लागतें. आणि शेवटीं आपल्याच गांवीं सुटीस आल्यावर ध्वनिक्षेपक सहन होईनासा होतो. एवढें झाल्यावर तरी मनुष्य तेथला झाला असें म्हणावें कीं नाहीं? आम्ही अजूनही नाहींच म्हणूं. सवय ही अंगास लागते. नगराशीं नातें जडण्यास तिच्याहून निराळें कांहीं लागतें.

तें निराळें काय, हें दाखविणारी एक चाल याच प्रांतांत आहे. तिचें नांव केरवोखे, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. मराठी कानास त्यांतील 'केर' ओळखीचा वाटावा हा निव्वळ योगायोग. परंतु योगायोग मोठा गोड आहे खरा. श्टुटगार्टच्या १४९२ सालच्या नगरनियमांतच, प्रत्येकानें आपली घाण दर आठवड्यास बाहेर नेऊन टाकावी, असें कलम होतें. पुढें त्यांतून अशी रीत रूढ झाली कीं, एका इमारतींतील बिऱ्हाडांनीं आळीपाळीनें जिना व सामाईक जागा झाडून पुसून काढाव्या, आणि बाहेरची पायवाट झाडावी, हिंवाळ्यांत तिच्यावरील बर्फ दूर करावें. आज पुष्कळ ठिकाणीं हें काम मोल देऊन करवून घेतात. परंतु जेथें जुनी रीत चालू आहे, तेथें ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लहानशी पाटी लटकते. आठवडा संपला कीं तो ती शेजाऱ्याच्या दारावर नेऊन लावतो. या चालीची तेथले लोक स्वतःच पुष्कळ थट्टा करतात. आम्हांस मात्र त्या पाटीइतकें बोलकें नागरिकशास्त्र क्वचितच आढळलें आहे. ती पाटी दारावरील मनुष्याची जात, भाषा, राष्ट्र यांतलें कांहीं विचारीत नाहीं. या आठवड्यांत या जिन्यावरून जे चढतील-उतरतील, त्यांचे पाय घसरूं न देणें तुझ्याकडे आहे, एवढेंच ती सांगते.

आमचें म्हणणें थोडक्यांत हें आहे. मनुष्य परक्या नगरांत खऱ्या अर्थानें रहिवासी होतो तो त्यास तेथें सर्व कांहीं मिळूं लागलें म्हणजे नव्हे, तर त्याच्यावांचून तेथें कोणाचें तरी अडूं लागलें म्हणजे. ज्याच्या न येण्यानें कोणासही उणें पडत नाहीं, तो वीस वर्षें राहिला तरी उताराच. आणि आजारी शेजारणीचें औषध आणून देण्याचें काम ज्याच्याकडे आपोआप आलें, तो दुसऱ्या महिन्यांतच अर्धा गांवकरी. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यामुळें देशोधडीस लागून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोंत पोंचले. तो देश त्यांचा झाला तो आश्रय मिळाला म्हणून नव्हे. चापिंगो येथील कृषिविद्यालयांत त्यांनीं शिकविलें, आणि तेथल्या गरीब शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा उभ्या केल्या, म्हणून.

यावर कोणी विचारतील कीं, हा कर्तव्याचा बोजा पाहुण्यावर कशाला? त्याचा हक्क काय, तें आधीं सांगा. हक्काचा विचार इमॅन्युएल कांट यानें १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरील आपल्या निबंधांत केला आहे. पृथ्वी गोल आहे, म्हणून माणसें एकमेकांपासून अनंत दूर पांगूं शकत नाहींत, कोठें तरी एकमेकांस भेटणारच. तेव्हां परक्या भूमींत पाऊल ठेवणाऱ्यास शत्रूसारखें वागविलें जाऊं नये, एवढा हक्क प्रत्येक मनुष्यास आहे, असें तो म्हणतो. परंतु हा हक्क भेटीचा. कायम पाहुणा होऊन राहण्याचा नव्हे. त्यासाठीं उभयपक्षीं निराळा करार हवा. ही मर्यादा कृपणपणाची वाटते खरी. पण त्याच ठिकाणीं हिंदुस्थानचें नांव घेऊन, व्यापाराच्या मिषानें आलेल्यांनीं तेथें काय केलें, याचा तो निषेध करतो, हें विसरूं नये. पाहुणा म्हणून आलेला धनी होऊन बसतो, हें आम्हीं भोगलेलें आहे. तेव्हां कांट थांबतो तेथें आम्ही एवढेंच जोडूं कीं, तो जो पुढचा करार, त्याचा मोठा भाग कचेरींत लिहिला जात नाहीं. तो जिन्यावर, शाळेच्या दारांत आणि शेजाऱ्याच्या आजारपणांत रोज थोडाथोडा लिहिला जातो.

दुसरा आक्षेप घरच्या वडील मंडळींचा असतो. असें मिसळत गेलें तर आपलेपण उरेल काय, अशी त्यांस धास्ती वाटते. ती उपहासास पात्र नाहीं. परंतु स्वत्व राखणें आणि अलिप्त राहणें या दोन गोष्टी एक नव्हेत. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अवघ्या अठराव्या वर्षीं अमेरिकेस गेल्या. त्यांनीं आहार बदलला नाहीं, लुगडें सोडलें नाहीं, धर्म सोडला नाहीं. आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी मिळविली. तरीही ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांस घरांत घेतलें, त्यांस त्या मावशी म्हणत, आणि मावशी म्हटल्यावर भाचीचें जें देणें असतें तें देत. १८८७ सालीं आनंदीबाई पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थि न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथें कार्पेंटर घराण्याच्या स्मशानभूमींत ठेवलेल्या आहेत. लुगड्यानें किंवा वरणभातानें त्या घराचें दार अडविलें नाहीं. दार अडतें तें देणेंघेणें टाळल्यानें. दर शनिवारीं चार मराठी घरांनीं एकत्र जमून पुरणपोळी करावी, मुलांशीं मराठींतच बोलावें. यांत गैर कांहीं नाहीं. मात्र त्या शनिवारीं दारावर पाटी असली तर जिना आधीं झाडावा.

तिसरी शंका सर्वांत कठीण आहे, आणि ती आमच्या मतावरच येते. मनुष्यानें सारी कर्तव्यें केलीं आणि तरीही नगरानें त्यास परकाच मानलें तर? असें घडतें, आणि थोरांच्या बाबतींतही घडलेलें आहे. आरिस्टॉटल हा स्टागिराचा. सतराव्या वर्षीं अथेन्सास आला, आणि आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें त्यानें तेथें घालविलीं. त्याची गणना 'मेटिक', म्हणजे परक्या रहिवाशांत होई. या वर्गांतील पुरुषास वर्षास बारा द्राख्मा डोईपट्टी भरावी लागे, प्रसंगीं लढाईवरही जावें लागे. पण जमीन घेण्याचा किंवा सभेंत मत देण्याचा अधिकार त्यास नसे. नवल हें कीं, नुसत्या वास्तव्यानें कोणी नागरिक होत नाहीं, न्यायदानांत व अधिकारांत ज्याचा भाग तो नागरिक, ही व्याख्या आपल्या राजनीतीच्या ग्रंथांत त्यानेंच करून ठेवली. ती लिहितांना ती आपणांसच वगळते हें त्या सूक्ष्मबुद्धीच्या पुरुषास कळलें नसेल, असें संभवत नाहीं. शिकंदर वारल्यावर इ. स. पू. ३२३ मध्यें वारें फिरलें, अधर्माचा आरोप आला, आणि त्यास नगर सोडावें लागलें. पुढच्याच वर्षीं तो काल्किसला मरण पावला.

आमच्याकडेही हा भेद होता. मराठेशाहींतील गांवांत मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कुळंबी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, आणि गांवच्या कारभारांत त्यास मान. उपऱ्याकडे जमीन कराराची. सारा हलका, पण गांवगाड्यांत शब्द नाहीं. 'उपरा' हा शब्द आज आम्ही ज्या तिरस्कारानें उच्चारतों, त्यांत तो जुना गांवगाडा अजून बोलत आहे.

या शंकेस आमचें उत्तर असें. कर्तव्य केल्यानें हक्क विकत मिळतो असें आम्ही म्हणत नाहीं. तसें असतें तर तें कर्तव्य न राहतां व्यापार झाला असता. परंतु ज्याच्या हातून नगरानें आपला जिना झाडून घेतला, ज्याचा कर घेतला, ज्याच्या खांद्यावर आपले आजारी ठेवले, त्यास 'तूं पाहुणा' म्हणण्याचा अधिकार नगरानें गमावलेला असतो. पाहुण्याकडून कोणी केर काढून घेत नाहीं. तेव्हां रहिवाशास त्याची पाळी द्यावयाची आणि शब्द मात्र द्यावयाचा नाहीं, यांत अपराध नगराचा आहे. आणि रहिवाशानें आपली पाळी चुकविली नाहीं, म्हणूनच तो अपराध स्पष्ट दिसतो.

हें माप लावतांना आम्हीं तें आपल्या गांवासही लावून पाहावें. श्टुटगार्टमधील आपल्या मुलाशीं शेजारी कसे वागतात, हें आम्ही काळजीनें विचारतों. परंतु पुण्या-मुंबईंत आमच्याच इमारतींत बिहारचा, केरळचा किंवा मणिपूरचा जो मुलगा भाड्यानें राहतो, त्याचें नांव आम्हांस ठाऊक असतें काय? त्याच्या स्वयंपाकाच्या वासावरून आम्ही कपाळास आठ्या घालतों, सणाची वर्गणी मात्र त्याच्याकडून न चुकतां घेतों, आणि इमारतीच्या सभेंत 'भाडेकरूंचा येथें काय संबंध' असें म्हणतों. दूरदेशीं गेलेल्या आपल्या लेकरासाठीं जें मागावयाचें, तें दारांत आलेल्या दुसऱ्याच्या लेकरास आधीं दिलें पाहिजे. त्यास पाळी द्यावी, आणि पाळीबरोबर शब्दही द्यावा.