स्वसेवेतला ‘स्व’

‘स्वसेवा’ हा शब्द आपल्या ओळखीचा झाला तो उपाहारगृहातल्या पाटीमुळे. आपले ताट आपण घ्यावे, आपले पाणी आपण भरावे, उष्टे भांडे आपणच कोपऱ्यात नेऊन ठेवावे आणि या साऱ्या खटाटोपाला ‘सेवा’ म्हणावे, अशी ही मोठी गमतीची योजना आहे. वाढप्याचे काम गिऱ्हाइकाकडे आले आणि वर स्वावलंबनाचे पुण्यही त्याच्याच पदरी पडले! आता बँकेतले पैसे काय, आगगाडीचे तिकीट काय, आपण यंत्रापुढे उभे राहून आपल्या हातांनी घेतो. कारकुनाच्या कपाळावरच्या आठ्या पाहाव्या लागत नाहीत. माझी याविरुद्ध तक्रार नाही. परंतु त्या शब्दातला ‘स्व’ म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे.

यंत्र घडवणाऱ्याच्या मनात एक माणूस असतो. त्याची उंची ठरलेली, डोळे शाबूत, बोटे न थरथरणारी. पायऱ्या तो सहज चढतो. त्याच्या मापाने यंत्राची खिडकी बसते. पैसे देणारे जगातले पहिले मानले जाणारे यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेने बसवले. त्याच्या कल्पनेचे श्रेय ज्यांना देतात ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्या शिलाँगचे. त्यांनीच सांगितलेली एक हकीकत आहे. लष्करातला आपला सहा आकडी क्रमांक त्यांना पाठ होता, म्हणून यंत्राचा गुप्त क्रमांकही सहा आकडी असावा असे त्यांच्या मनात होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी पत्नीला विचारले. ती म्हणाली, मला चारच आकडे लक्षात राहतात. झाले! जग चार आकड्यांवर आले.

ही हकीकत मला फार मोलाची वाटते. एका बाईंच्या स्मरणशक्तीची मर्यादा यंत्राने मुकाट्याने मान्य केली. तिला कोणी व्यंग म्हटले नाही, की सवलत दिली असा डांगोरा पिटला नाही. माणसाच्या उणिवा यंत्र सांभाळून घेतच असते. प्रश्न एवढाच, की कोणाच्या? त्या टेबलाशी जो बसलेला असतो त्याच्या सांभाळल्या जातात. ज्याला तिथे कोणी बोलावलेच नाही त्याच्या राहून जातात.

आमच्या आळीत पेटी शिकवणारे एक जन्मांध गृहस्थ आहेत. शाळेत मी शिकवतो, पण आळीत ‘मास्तर’ म्हणजे तेच. एटीएमवर जायचे तर त्यांना कोणाला तरी बरोबर न्यावे लागे आणि ते चार आकडे त्याच्या कानात सांगावे लागत. बरोबरचा मनुष्य कधी भाचा, कधी शेजारचा कॉलेजकुमार, क्वचित मी. एकदा मी सहज म्हणालो, “मास्तर, माणसावर विश्वास ठेवावाच लागतो की.” ते म्हणाले, “ठेवावाच लागतो, तो विश्वास नव्हे हो. तुम्ही ठेवता तो विश्वास. माझा तो नाइलाज.”

अशा वेळी आपली नीती चटकन दयेच्या घरी जाऊन बसते. मदत करणारा पुण्यवान, घेणारा कृतज्ञ, दोघेही सुखी. पण ज्याला उठल्या-बसल्या कृतज्ञच राहावे लागते, त्याच्या जिभेवरची चव कशी राहत असेल, याचा विचार कोण करतो? कोणी म्हणेल, या जगात कोण कोणावर अवलंबून नाही? खरे आहे. मीही दूधवाल्यावर आणि शिंप्यावर अवलंबून आहे. परंतु एक दूधवाला बिनसला तर मी दुसरा पाहतो, आणि माझ्या पेटीची किल्ली दोघांपैकी कोणाच्याही खिशात नसते.

बरे, हे अशक्य होते असेही नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच बँकांना सांगितले, की नव्या एटीएमपैकी निदान एक तृतीयांश बोलणारी आणि ब्रेल कळांची असावीत, चाकाच्या खुर्चीसाठी उतार असावा, यंत्राची उंची आड येऊ नये. जून २०१२ मध्ये युनियन बँकेने अहमदाबादेत असे बोलणारे यंत्र सुरू केले. १ जुलै २०१४ पासून तर प्रत्येक नवे यंत्र बोलकेच असावे असे फर्मान निघाले. कर्णनलिकेचे टोक यंत्राच्या छिद्रात खुपसले, की सूचना फक्त आपल्याच कानात ऐकू येतात. आणि पाचाच्या कळीवर एक उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे बोटांना सापडतात. त्या टिंबाला खर्च तो किती!

मूठभर लोकांसाठी एवढा उपद्व्याप कशाला, असे विचारणारे भेटतात. २०११ च्या जनगणनेत ही मूठ २ कोटी ६८ लाखांची भरली होती. पण मूठ लहान असती तरी माझे उत्तर बदलले नसते. आणि चाळिशी घरी विसरून मी यंत्रापुढे उभा राहतो तेव्हा तर मीही त्याच मुठीत असतो.

यंत्रांची हौस मात्र पुढेच धावते आहे. बँकेत खाते उघडण्यासाठी आता घरबसल्या मोबाइलपुढे चेहरा धरायचा आणि जिवंत असल्याची खूण म्हणून पापण्या मिटून दाखवायच्या. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे जळाले त्यांनी काय मिटायचे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अशा सेवा सर्वांच्या आवाक्यात असणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल ३० एप्रिल २०२५ रोजी लागला. जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी न्यायालयात जावे लागावे, हे कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी ते अतिशयोक्ती म्हणून खोडले असते.

गेल्या वर्षी मास्तरांना घरापासून चालत जाण्याजोगे एक बोलके यंत्र सापडले. पहिल्यांदा तिथले छिद्र धुळीने बुजलेले निघाले. त्यांनी शाखेत चार खेटे घालून ते साफ करवून घेतले. मग एके दिवशी एकटेच गेले आणि आले. किती काढले म्हणून मी विचारले, तर हसून म्हणाले, “ते तुम्हाला का सांगू?”

तिकिटाच्या यंत्राची गोष्ट मात्र निराळी. आमच्या स्टेशनवरच्या यंत्राला कळाच नाहीत. सगळी गुळगुळीत काच. पेटीच्या पट्ट्यांवर लीलया फिरणारी बोटे तिच्यावर नुसती घसरतात. तिकिटासाठी मास्तर अजून खिडकीशीच रांगेत उभे असतात. तिथे पूर्वी तीन खिडक्या उघड्या असत. आता एक असते.