दुसऱ्याच्या यादीचा बाजार

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. किराणा, दूध, औषधं मिळत राहतील हे खुलासे मागाहून आले. तोवर गावोगावी माणसं पिशव्या घेऊन घराबाहेर पडली होती. नंतर त्या गर्दीला स्वार्थी, अडाणी म्हणून पुष्कळ झोडपलं गेलं. मला ते पटत नाही. उद्या दुकान उघडेल की नाही हे कुणी धड सांगत नसताना घरात चार माणसं असलेल्याने दहा किलो तांदूळ जादा घेतला, तर तो शहाणपणाच म्हणायचा. गंमत अशी की प्रत्येकाचं शहाणपण एकत्र आलं की फळी रिकामी होते.

साठवण करणं मुळात वाईट असतं तर अख्खं कोकण गुन्हेगार ठरलं असतं. रत्नागिरीहून खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागतं. तिथे काय किंवा पुढच्या कुठल्याही गावात काय, मे महिना सरताना आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, धांदल असते: तांदूळ, मीठ, वर्षाचा मसाला, आमसुलं, सुकी मासळी, शेडखाली लाकूडफाटा. या साठवणीने शेजाऱ्याची चूल अडत नाही, कारण सगळ्यांना तारीख ठाऊक असते. दुकानदार माल आधी भरतो, उधारीवाला आधी शब्द टाकतो. मार्चमधल्या त्या रात्रीला अशी तारीख नव्हती. ज्याच्या हाती रोकड आणि दाराशी गाडी, त्याची आगोट एका रात्रीत झाली.

मागे कोण राहिलं, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. मुलगा मुंबईला, सुनेची नोकरी तिकडेच, इथे घर राखायला एकटी आई, हे कोकणातलं घरोघरचं चित्र आहे. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचं निवृत्तिवेतन त्या वेळी महिन्याला 1000 रुपये होतं, आणि तेही बँकेत जाऊन, स्लिप भरून काढायचं. एवढ्यावर जगणारी बाई पाव किलो साखर आणि चहाचं छोटं पुडकं असाच बाजार करते. तिने घाबरून खरेदी करायची ठरवली तरी कशाच्या जोरावर करणार? 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी हेच दाखवलं होतं: धान्य मुळात किती आहे यापेक्षा ते मिळवण्याची ताकद कुणाच्या हाती आहे, यावर कोण उपाशी राहणार ते ठरतं.

सरकारने रेशनचा मार्ग धरला, आणि तो बरोबरच होता. अन्नसुरक्षा यादीतल्या माणसाला दरमहा माणशी 5 किलो तांदूळ फुकट मिळू लागला. यादीबाहेरच्या केशरी कार्डांना मे-जूनमध्ये माणशी 3 किलो गहू 8 रुपयांनी आणि 2 किलो तांदूळ 12 रुपयांनी देऊ केला. अंगठ्याची सक्ती सैल झाली, दुकानदाराच्या ओळखीवर धान्य देता येऊ लागलं. शिवभोजन थाळी 5 रुपयांवर आली. रेशनचा मोठा गुण म्हणजे ते घर मोजतं. कार्डावर किती माणसं, त्यांना किती धान्य, हे आधीच ठरलेलं असल्याने पहिल्या दिवशी धावत येणाऱ्याला जास्त मिळत नाही.

मोकळ्या बाजारात असं मोजमाप नव्हतं. अनेक दुकानांनी 'एका गिऱ्हाइकाला दोनच पुडे' असा नियम लावला. कागदावर न्यायाचा. पण वाडीतल्या चार घरांचा बाजार करणारा पोरगा काउंटरवर उभा राहिला, की तोच साठेबाज दिसायचा. आठ पुडे कशाला रे तुला? मागच्या रांगेतूनही कुजबुज. म्हणजे जो घाबरून घरी साठा करत नव्हता, उलट चार म्हाताऱ्यांना गर्दीपासून वाचवत होता, नेमका त्यालाच नियम अडवत होता. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स या दुकानसाखळीने 17 मार्च 2020 पासून सकाळी सात ते आठ हा तास वृद्ध आणि अपंगांसाठी राखला, त्याचं कौतुकही झालं. मात्र त्यासाठी त्या माणसांना स्वतः दुकानापर्यंत यावं लागत होतं. ज्याला पायरी उतरवत नाही त्याच्यासाठी सकाळचे सात आणि दुपारचे बारा सारखेच.

इथे वाडीतल्या दुकानदाराची लाल वही मोठ्या दुकानाच्या संगणकापेक्षा कामाची. कुठलं घर महिन्याला किती तेल नेतं, कुणाला साखर वर्ज्य, कुणाचे पैसे मुंबईहून पाच तारखेनंतर येतात, हे त्याला पाठ असतं. चार घरांच्या चार चिठ्ठ्या त्याने ओळखल्या तर आठ पुड्यांत वावगं काहीच नाही. मर्यादा हवीच, पण ती घरामागे हवी. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसामागे नको.

मदत म्हणून वाटलेल्या तयार पिशव्यांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. तांदूळ, डाळ, तेल, कणीक, मीठ. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण जन्मभर उकड्या तांदळाची पेज पिऊन दिवस सुरू करणाऱ्या आजीला सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ दिला तर भात होतो, तिची पेज होत नाही. पाच किलो कणीक एकटी बाई कधी संपवणार? तिला स्वतःची यादी सांगू दिली तर ती काय सांगेल? अर्धा किलो उकडा, गुळाचा खडा, वातीचा कापूस, टॉर्चचे सेल. आणि सगळ्यात शेवटी, आवाज उतरवून, मिश्रीची पुडी. मिश्री आणावी का? दात-तोंड खराब करणारी वस्तू आहे, डॉक्टर नकोच म्हणतील. तरी मी म्हणेन, आणावी. आपण तिचा बाजार करायला निघालो आहोत, तिला सुधारायला नाही. तिच्या पायांच्या जागी आपले पाय गेले म्हणून तिची आवडनिवड आपल्या हाती आली, असं नसतं. सांगितलेलं मिळालं नाही तर बदली काय आणू हे दुकानातूनच फोन करून विचारावं, बिल आणि सुटे पैसे हातात मोजून द्यावेत. 'राहू दे ग आजी' म्हणून वरचे वीस रुपये सोडणारा स्वतःला उदार समजतो. पुढच्या वेळी ती मिश्रीच काय, गूळही सांगायला संकोचते.

या सगळ्यात एक अडचण उरतेच, आणि ती पैशाची आहे. वहीवाला दुकानदार उधार देतो, पण संकटात घाऊक व्यापारी त्याच्याकडे रोख मागतो. रत्नागिरीची भाजी आणि दूध मोठ्या प्रमाणात घाटावरून येतं. जुलै 2021 मध्ये आंबा घाटात दरडी कोसळल्या तेव्हा ही वाट किती अरुंद आहे ते दिसलं. घाट बंद, माल महाग, वरून उधारी: अशा वेळी दुकानदार आधी कुणाची चिठ्ठी बाजूला ठेवील हे सांगायला नको. म्हणून ग्रामपंचायतीने मे महिन्यातच, आगोटीच्या वेळी, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या-अपंगांची नावं काढून त्यांच्या एका महिन्याच्या वाणसामानाची हमी दुकानदाराला द्यावी. दहा-वीस नावं असतील, रक्कम फार होणार नाही. नावं कुणाची घालायची यावरून भांडणं होतील, गटबाजी होईल, सरपंचाची चुलती आधी बसेल. ते भांडण मे महिन्यात, दुकान भरलेलं असताना झालेलं बरं.