सव्वादोन सेकंद

फोन टेबलावर ठेव आणि समोर उभा राहा. बसायला मी सांगितलेलं नाही.

काल रात्री साडेअकरापासून पहाटे तीनपर्यंत विभागाच्या ग्रुपवर तू जे लिहीत होतास, ते मी सकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. न्यूयॉर्कमधली वर्ल्ड ट्रेड सेंटरची सात नंबरची इमारत कुणी सुरुंग लावून पाडली नाही, ती आगीनं पडली, असं तुझं म्हणणं. ते बरोबर आहे. पण हे बरोबर म्हणणं सिद्ध करायला तू जे पुरावे दिलेस, त्यातले निम्मे खोटे आहेत. समोरच्यांपेक्षा मला तुझाच राग जास्त आला, कारण त्यांना मी शिकवलेलं नाही.

तुझं पहिलंच वाक्य घे. 'विमानाच्या इंधनानं पोलाद वितळलं.' अरे, सात नंबरला विमान धडकलंच नव्हतं! 11 सप्टेंबर 2001 ला सकाळी 10 वाजून 28 मिनिटांनी उत्तरेकडचा टॉवर कोसळला, त्याचा जळता ढिगारा हिच्यावर आला आणि आगी लागल्या. पाण्याच्या मुख्य वाहिन्या तुटल्यामुळे खालच्या मजल्यांवरच्या स्प्रिंकलरना पाणीच मिळालं नाही. जवळपास सात तास जळून ती 47 मजल्यांची इमारत संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी पडली. आणि 'वितळलं' म्हणजे काय? पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास तापमान लागतं, इमारतीच्या आगीत ते येत नाही. समोरचे हेच म्हणतात आणि तेवढ्यापुरतं त्यांचं खरं आहे. पण कॉलम पडायला तो वितळावा लागत नाही. सहाशे अंशांना पोलादाची ताकद अर्ध्यावर येते. हा आलेख मी फळ्यावर काढला, तेव्हा तू पहिल्या बाकावर होतास.

मग कुणीतरी विचारलं, याआधी अशी एक तरी उंच इमारत नुसत्या आगीनं पूर्ण कोसळली होती का? तू ठोकून दिलंस, 'ढीगभर कोसळल्यात.' एकीचं नाव सांग. तेहरानची प्लास्को? ती जानेवारी 2017 मध्ये पडली, म्हणजे पंधरा वर्षांनी. निस्ट या अमेरिकी सरकारी संस्थेनं सात नंबरची चौकशी केली. तिच्या अहवालातच लिहिलंय की, मुख्यतः आगीमुळे उंच इमारत पूर्ण कोसळल्याचं हे पहिलं ज्ञात उदाहरण. म्हणजे विचारणाऱ्याचं बरोबर होतं. 'हो, पहिलीच' एवढं लिहायला तुझी बोटं का झिजली?

आता फ्री फॉल, म्हणजे विरोधाशिवाय खाली पडणं. 'असलं काही झालंच नाही, शाळेत जा,' असं तू लिहिलंस. झालं होतं. ऑगस्ट 2008 च्या मसुद्यात निस्टनं म्हटलं होतं की, इमारतीला खाली यायला फ्री फॉलपेक्षा चाळीस टक्के जास्त वेळ लागला. शाळेत फिजिक्स शिकवणाऱ्या एका माणसानं चित्रफितीवरून वेग मोजला आणि ही सरासरी फसवी आहे, असं दाखवलं. तो माणूस स्फोटाच्या बाजूचा होता. त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण मोजमाप बिनचूक होतं. नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात निस्टनं ते स्वीकारलं: आधी पावणेदोन सेकंद सावकाश, मग सव्वादोन सेकंद शुद्ध फ्री फॉल, सुमारे बत्तीस मीटर म्हणजे आठ मजले, आणि पुढे पुन्हा विरोध. एवढ्या मोठ्या संस्थेनं आपला मसुदा दुरुस्त केला आणि तू त्याच संस्थेचं नाव घेऊन, अहवाल न उघडता, तिनं मान्य केलेली गोष्ट नाकारतोस. असा वकील मिळाला की शत्रूची गरज उरत नाही.

याच्याखालीच पहिल्या वर्षाच्या त्या मुलाचा प्रश्न होता. 'दादा, मग इतकी सरळ कशी काय खाली आली?' त्यात चिमटा नव्हता, आव्हान नव्हतं. त्याला तू हसणारी तीन तोंडं पाठवलीस. ग्रुपमध्ये रात्रभरात आलेला तो एकमेव खरा प्रश्न होता रे. त्यानंतर त्या पोराचा एक शब्द नाही. मी तिथंच वाचायचा थांबलो.

त्याला काय सांगायचं होतं, ते ऐक. आतून आधी पोखरली गेली, म्हणून. साधारण सोळा मीटरचा बीम घे, सहाशे अंशांनी तापव. प्रसरणाचा गुणांक प्रति अंश बारा दशलक्षांश धरला तर बीम साडेअकरा सेंटीमीटर वाढतो. तापल्यावर गुणांकही वाढतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून जास्तच. रुळांमध्ये फट का ठेवतात हे शाळकरी पोराला ठाऊक असतं. इथं बीमला वाढायला जागा नव्हती. निस्टच्या मते तेराव्या मजल्यावरच्या अशा बीमनी गर्डर ढकलत नेला, 79 नंबरच्या कॉलमवरचा त्याचा आधार सुटला, खालचे मजले एकावर एक कोसळले आणि तो कॉलम अनेक मजल्यांच्या उंचीत एकटा, बिनआधार राहून वाकला. चित्रफितीत छताचं पूर्वेकडचं पेंटहाऊस सुमारे सात सेकंद आधी आत बुडताना दिसतं. व्हायरल क्लिपांमध्ये नेमका तोच तुकडा बहुतेक वेळा कापलेला असतो. बाहेरचा सांगाडा पडायला लागला, तेव्हा आत त्याला धरून ठेवणारं फारसं उरलं नव्हतं. सव्वादोन सेकंदांचा उगम तिथं आहे. हे तू त्याला चार ओळींत सांगू शकला असतास.

आणि तो दुसरा, खोट्या नावाचा. तू थर्माइट, म्हणजे पोलाद कापणारं मिश्रण, वापरल्याच्या आरोपावर उत्तर दिलंस, तो इमारतीच्या मालकाच्या 'पुल इट' या शब्दांवर गेला. तिथं दिलंस, तो बीबीसीवर गेला, की इमारत पडायच्या वीस मिनिटं आधीच बातमी कशी दिली. इमारत फुगलेली दिसत होती, अग्निशमन दलानं दुपारीच माणसं मागे घेतली होती, ती पडणार हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, एवढं उत्तर पुरे होतं. त्यानं ते वाचलंही नाही. उत्तर मिळाल्यावर जो प्रश्न बदलतो, त्याला उत्तर नकोच असतं. पहिलं उत्तर नीट, पुराव्यासकट द्यावं, कारण बाकीचे ते वाचत असतात. दुसरं एका ओळीत. तिसरं देऊ नये. तू एकेचाळीस दिलीस, मी मोजलीत. शेवटी तर त्याच्या आईवरून बोललास. ते मी इथं उच्चारणार नाही. तू मात्र ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागणार आहेस, आजच.

स्फोटाविरुद्धचा सगळ्यात साधा मुद्दा तर तुला सुचलाच नाही. निस्टनं हिशेब केला होता: एक कॉलम तोडणारा लहानात लहान स्फोटही अर्ध्या मैलावर 130 ते 140 डेसिबल ऐकू गेला असता. त्या दिवशी त्या भागात किती कॅमेरे चालू होते! असा आवाज एकातही नाही. हे न सांगता तू '2,753 मेलेल्यांचा अपमान करता' म्हणून ओरडत बसलास. सात नंबरमध्ये एकही माणूस मेला नाही. त्या सकाळी 343 जवान गमावलेल्या दलानं दुपारी उरलेल्यांना वेळेवर मागे घेतलं, म्हणून मेला नाही. ज्यांच्या शहाणपणानं माणसं वाचली, त्यांचं नाव तुझ्या एकेचाळीस उत्तरांत एकदाही आलं नाही.

उद्या सकाळी साडेसातला लॅबमध्ये ये. वही आण, फोन नको. प्रसरणाचं गणित आणि सव्वादोन सेकंदांचं गणित, दोन्ही फळ्यावर तू सोडवायचीस. सुरुवातीचा वेग शून्य धरू नकोस, पावणेदोन सेकंद आधीच गेलेले आहेत. पहिल्या वर्षाचा तो मुलगाही येतोय. मीच बोलावलंय त्याला, आणि प्रश्न तो विचारेल.