ओळखणं सोपं, विचारणं अवघड

१० सप्टेंबर, म्हणजे जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, जवळ आला की लातूरच्या महाविद्यालयांत आत्महत्या प्रतिबंधाची व्याख्यानं होतात. पडद्यावर लक्षणांची यादी येते, प्रमाणपत्रं वाटली जातात. त्यावर आपल्याकडच्या परिवर्तनवादी मंडळींचा आक्षेपही ठरलेला: दुखणं पोटाचं, औषध डोक्याला कशाला? हमीभाव द्या, कर्ज फेडा, नीटच्या शिकवण्यांचा बाजार आवरा. समुपदेशन ही सरकारची पळवाट.

‘पोरांचे मोबाइल काढून घ्या’ म्हणणाऱ्यांना सोडून देऊ. परिवर्तनवाद्यांचा हा आक्षेप मात्र सोडता येत नाही, कारण तो अर्धा खरा आहे. सोयाबीनचा भाव समुपदेशकाच्या हातात नसतो. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याला दुष्काळ मनात असतो असं कोण सांगणार?

पण कारण आर्थिक म्हणून उपायही फक्त आर्थिकच, ही उडी कुठली? श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी घसरलं. तिथल्या शेतकऱ्यांचं कर्ज त्या बंदीने फिटलं नव्हतं. कर्ज वर्षानुवर्षांचं असतं. जीव द्यायची ऊर्मी पुष्कळदा काही तासांत ओसरते. आणि खेड्यातला माणूस मनातलं बोलतच नाही म्हणावं, तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मानसिक आरोग्याच्या ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्ते तयार केले तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. कर्जमाफी मागायचीच आहे. ज्याच्यासाठी मागायची, तो तोवर राहायला नको का?

तरीही सध्याच्या प्रशिक्षणांची वकिली मी करणार नाही. ती ओळखायला शिकवतात, विचारायला नाही.

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या मेसवाल्या मावशींना लक्षणांची यादी लागत नाही. डबा न उघडता परत येऊ लागला की त्यांना कळतं. ‘काय रे, जेवत नाहीस?’ ‘भूक नाही, मावशी.’ विषय तिथेच मिटतो. कारण पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कधी निघालेलंच नसतं: ‘जगू नये असं वाटतंय का तुला? जीव द्यायचा विचार येतो का मनात?’ विचारलं तर नसलेला विचार पोराच्या डोक्यात शिरेल, ही भीती. अभ्यासांनी ती निराधार ठरवली आहे, पण व्याख्यान ऐकून ती जात नाही. वाक्य दहादा मोठ्याने म्हणावं लागतं, समोर कुणाला तरी बसवून. तो ‘हो’ म्हणाला तर काय, याचीही तालीम हवी: त्याला एकटं न सोडणं, घरच्यांना बोलावणं, फवारणीचं औषध हाताशी न ठेवणं, टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर स्वतः लावून देणं, डॉक्टरकडे सोबत जाणं.

गावात घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकांच्या प्रश्नावलीत मनःस्थितीचे प्रश्न असतात, नाही असं नाही. पण सासऱ्यांदेखत ओसरीवर भरलेल्या रकान्यात खरं उत्तर कोण देईल?

ओळखणाऱ्याला हळूच बाजूला होता येतं. विचारणाऱ्याला उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. बहुधा म्हणूनच आपली प्रशिक्षणं ओळखण्याशी संपतात. विचारण्याची तालीम दोनशेच्या सभागृहात होत नाही. तिला पंधरा माणसं पुरतात, त्यांत प्राध्यापक कमी आणि मेसवाल्या, रूममालक, कृषी सेवा केंद्राचे दुकानदार जास्त. वार्षिक अहवालात हा आकडा फारच बारीक दिसेल, एवढी आयोजकांची अडचण मला मान्य आहे.