गुरुजींच्या कमरेला पिस्तूल

२० जानेवारी २०१६ची सकाळ. पाकिस्तानातल्या खैबर पख्तूनख्वा प्रांतात, चारसद्दा इथल्या विद्यापीठावर दाट धुके उतरले होते. त्याचाच आडोसा घेऊन चार बंदूकधारी मागच्या भिंतीवरून आत शिरले. वसतिगृहाच्या बाजूने गोळीबार सुरू झाला, तेव्हा रसायनशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना बाहेर पडू नका म्हणून बजावले, स्वतःजवळचे पिस्तूल काढले आणि हल्लेखोरांवर झाडले. त्या वेळात काही मुले निसटली. प्राध्यापक वाचले नाहीत. त्या दिवशी विसाच्या आसपास माणसे मारली गेली.

विद्यापीठाचे नाव बाचा खान विद्यापीठ. बाचा खान म्हणजे आपल्याकडे सरहद्द गांधी म्हणून ओळखले जाणारे खान अब्दुल गफार खान. हल्ल्याचा दिवस त्यांच्या पुण्यतिथीचा होता आणि त्यानिमित्त आवारात मुशायरा ठेवलेला होता. खान यांचे गाव उत्मानझई याच चारसद्दा भागातले. तिथे त्यांनी इंग्रजांच्या अमदानीत स्वतंत्र शाळा काढली आणि १९२९ साली खुदाई खिदमतगारांची संघटना उभारली. संघटनेत येणाऱ्या पठाणाला अहिंसेची शपथ घ्यावी लागे. अशा माणसाचे नाव मिरवणाऱ्या आवारात, त्याच्याच पुण्यतिथीला, एक शिक्षक पिस्तूल हाती घेऊन पडला. त्याने बाचा खान यांची शिकवण मोडली का?

अहिंसेच्या बाजूने उत्तर शोधले तरी ते ‘नाही’ असेच मिळते. भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायची वेळ आली तर आपण हिंसेचाच सल्ला देऊ, असे गांधीजींनी १९२० साली ‘यंग इंडिया’त स्पष्ट लिहिले होते. मुलांना मागे ठेवून पुढे झालेल्या माणसाला कोणताही धर्म पापी ठरवणार नाही. प्रश्न त्या प्राध्यापकांचा नाहीच. प्रश्न सरकारचा आहे. एका माणसाने जीव धोक्यात घालून जे केले, ते सगळ्या शिक्षकांच्या नेमणुकीचा भाग करता येते का?

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे एक स्वतंत्र उपपर्व आहे. त्यात विश्वामित्राची गोष्ट येते. बारा वर्षे पाऊस नाही, अन्न नाही. भुकेने व्याकूळ झालेला ऋषी चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याचे मांस चोरायला शिरतो. चांडाळ जागा होतो आणि उलट त्यालाच धर्म समजावून सांगू लागतो. दोघांचा वाद चांगलाच रंगतो. जगलो तर धर्म पाळता येईल, हा विश्वामित्राचा मुद्दा. महाभारत त्याला दोष देत नाही. पण त्या गोष्टीवरून कुणी आश्रमाचा रोजचा स्वयंपाक ठरवला नाही. संकटात माफ असलेली गोष्ट संकटापुरतीच माफ असते आणि तिचा निवाडा त्या त्या माणसाच्या विवेकावर सोडलेला असतो. परिपत्रक काढून तो सर्वांवर लादता येत नाही.

खैबर पख्तूनख्वात नेमके परिपत्रकच निघाले. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये तालिबान्यांनी १३०हून अधिक मुलांना ठार केले. प्रांतात शाळा हजारो, प्रत्येक शाळेच्या दारात पोलीस उभा करणे शक्य नाही, म्हणून २०१५च्या सुरुवातीला सरकारने शिक्षकांना शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. शिक्षिकांनाही नेमबाजी शिकवली गेली. शिक्षक संघटनांनी हरकत घेतली: आमचे काम शिकवण्याचे, राखणीचे काम तुमचे. त्याच वर्षी स्वातमध्ये एका शिक्षकाच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटली आणि शाळेतलाच एक विद्यार्थी दगावला.

तरीही पेशावरमध्ये शिक्षकांना शस्त्र देण्याला एक आधार होता. तिथे शत्रू बाहेरून येत होता. अमेरिकेतही शिक्षकांना शस्त्र देण्याची मागणी होते, पण तिथे तोही आधार नाही.

सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने मिळून १९७४ ते २००० या काळातल्या ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. हल्लेखोर ४१ होते आणि त्यांतले ३९ जण त्या वेळी त्याच शाळेत शिकत होते. पुढच्या काळात सँडी हुक (२०१२), पार्कलंड (२०१८) आणि युवाल्डी (२०२२) इथे गोळ्या झाडणारे तरुण त्या त्या शाळेचे माजी विद्यार्थी होते. म्हणजे अमेरिकेत शिक्षकाला पिस्तूल द्यायचे ते बहुतेक वेळा आपल्याच शाळेतल्या, हजेरीपटावर नाव असलेल्या किंवा कधीकाळी असलेल्या पोरावर रोखण्यासाठी. हातात शस्त्र देताना हे कुणी उघडपणे म्हणत नाही. पण पिस्तूल कमरेला लावून वर्गात जाणाऱ्या माणसाला समोरच्या तीस चेहऱ्यांकडे त्या शक्यतेनिशी रोज पाहावे लागणार.

शस्त्राने कधी काही साधलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९७ साली मिसिसिपीतल्या पर्ल गावी एका उपमुख्याध्यापकांनी आपल्या गाडीतून पिस्तूल आणून हल्लेखोर मुलाला रोखून धरले. गोळी न झाडता. पण त्याच्या दुसऱ्या बाजूलाही बरेच काही आहे. पार्कलंडमध्ये नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेर थांबून राहिला. युवाल्डीत ३७६ पोलीस आणि सुरक्षा अधिकारी जमले, तरी हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटे लागली. उलट गोळीबार होत असताना न्यूयॉर्क पोलिसांच्या जेमतेम १८ टक्के गोळ्या नेमावर लागतात, असे रँड संस्थेने २००८मध्ये नोंदवले. कॅलिफोर्नियातल्या सीसाइड गावी मार्च २०१८मध्ये, राखीव पोलीस दलात असलेल्या शिक्षकाच्याच पिस्तुलातून वर्गात गोळी सुटली. ती छताला लागली आणि खाली पडलेल्या तुकड्यांनी एक मुलगा जखमी झाला. शिकवायचा विषय त्या वेळी बंदुकीची सुरक्षितता हाच होता.

हे सगळे माहीत असूनही ओहायोने २०२२मध्ये शस्त्रधारी शिक्षकाच्या प्रशिक्षणाची अट सातशेहून अधिक तासांवरून जास्तीत जास्त २४ तासांवर आणली. आणि ज्यांच्यासाठी हे चालले आहे, त्यांचे मत? रँडच्याच २०२३च्या पाहणीत ५४ टक्के शिक्षकांना वाटले की शिक्षकांकडे शस्त्र असल्याने शाळा अधिक असुरक्षित होतील. सुरक्षित होतील असे म्हणणारे २० टक्केच निघाले.

मे २०१९मध्ये पोर्टलंडच्या पार्करोज हायस्कूलमध्ये एक मुलगा शॉटगन घेऊन वर्गात आला. शाळेत फुटबॉल प्रशिक्षक आणि सुरक्षा कर्मचारी अशी दोन्ही कामे करणारा एक निःशस्त्र माणूस योगायोगाने तिथेच होता. कॅमेऱ्यात दिसते ते असे: तो बंदूक हिसकावून मागे दुसऱ्या शिक्षकाच्या हाती देतो आणि मग मुलाला मिठीत घट्ट धरून ठेवतो. तो मुलगा स्वतःलाच संपवायला आला होता. प्रत्येक वेळी असे जमेल, असे कुणीच म्हणणार नाही. पण त्या दारात पिस्तूल असते तर काय झाले असते, याचा विचार कायदा करणाऱ्यांना टाळता येत नाही.

सीक्रेट सर्व्हिसच्या त्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत. हल्ल्यांपैकी ८१ टक्के प्रकरणांत निदान एकाला तरी आधी कुणकुण लागली होती आणि दोन-तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी शस्त्र स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातून आणले होते. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये २०२१मध्ये हेच घडले. सकाळी शिक्षिकेला गणिताच्या कागदावर बंदुकीचे चित्र सापडले, आईवडिलांना बोलावले गेले, दप्तर मात्र कुणी उघडले नाही. दुपारी चार मुले मारली गेली. पिस्तूल बापाने विकत घेतलेले होते. आईवडील दोघेही २०२४मध्ये सदोष मनुष्यवधात दोषी ठरले.

घरातल्या कपाटापर्यंत पोहोचणारा कायदा करणे मात्र राजकारण्यांना जड जाते. नॅशव्हिलच्या ख्रिस्ती शाळेत मार्च २०२३मध्ये तीन मुले आणि तीन मोठी माणसे मारली गेल्यावर टेनेसीचे गव्हर्नर बिल ली यांनी धोकादायक ठरलेल्या माणसाकडून शस्त्र काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला होता. विधिमंडळात तो पुढे सरकला नाही. एप्रिल २०२४मध्ये त्याच विधिमंडळाने शिक्षकांना शस्त्र बाळगू देणारा कायदा केला, आणि कोणत्या वर्गातल्या शिक्षकाजवळ पिस्तूल आहे हे पालकांना कळवण्याची गरज त्यात ठेवली नाही.